दुपारी बिघडणारा भावफलक: कळमन्यातल्या एका एलईडी बोर्डाचं प्रकरण

"सकाळी बोर्ड एकदम बरोबर चालते, अन् दुपार झाली की पागल होते, भाऊ." नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या एका अडत दुकानाच्या मुनीमजींनी फोनवर एवढंच सांगितलं. एप्रिल संपत आला होता. दुकानाच्या दर्शनी पत्र्याखाली लावलेल्या एलईडी फलकावर मिरची, तूर, हरभरा, सोयाबीन यांचे दिवसाचे भाव फिरत असतात. माल घेऊन आलेला शेतकरी गाडीवरून उतरता उतरताच ते वाचतो. त्यामुळे ऐन बाजाराच्या वेळी ८ चा ३ दिसला किंवा शेवटचा आकडाच गेला, तर वाद ठरलेला.

बोर्डाची रचना आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच बेतलेलं आहे. पी-५ जातीची, म्हणजे दोन दिव्यांमध्ये ५ मिलिमीटर अंतर असलेली, ६४ बाय ३२ ची आठ पॅनल. प्रत्येक पॅनल ३२० बाय १६० मिलिमीटरचं. वरच्या ओळीत चार, खालच्या ओळीत चार. पूर्ण फलक सव्वा मीटर लांब आणि फुटाहून थोडा उंच. चालवायला रास्पबेरी पाय ३ हा तळहाताएवढा संगणक (पुढे नुसतं 'पाय') आणि त्यावर हेनर झेलर यांची खुली लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामसंच, जी अशा कामाला सगळीकडे वापरली जाते. पायच्या पिनांवरून जंपर वायरींनी थेट दोन रिबन, म्हणजे अनेक तारांच्या चपट्या पट्ट्या, काढलेल्या, एक वरच्या ओळीला आणि एक खालच्या. दोन्ही डाव्या टोकाने आत शिरतात आणि पॅनलमागून पॅनल उजवीकडे जातात. पॅनलांची वीज ५ व्होल्ट, ६० अँपिअरच्या एसएमपीएसवर, म्हणजे घरच्या विजेचे ५ व्होल्ट करून देणाऱ्या डब्यावर. तो खांबाच्या पायथ्याशी लोखंडी पेटीत बसवलेला. पायला मात्र वेगळा, स्वतःचा अडॅप्टर.

दुपारी दिसणारा बिघाड असा होता. डावीकडची दोन पॅनल ठीक. तिसऱ्यापासून पांढरा रंग पिवळट पडायला लागतो, चौथ्यावर तो जवळजवळ गुलाबी होतो. मग चौथ्या पॅनलवर ठिपके उडायला लागतात, अक्षरं अधूनमधून एक घर बाजूला सरकतात, आणि खालच्या ओळीतलं चौथं पॅनल मध्येच पूर्ण काळं होऊन परत येतं. लाल अक्षरांचं पान आलं की सगळं शांत.

दुकानमालकांचं निदान तयार होतं: ऊन. पत्र्याखाली दुपारी हात लावू नये इतकं तापतं, म्हणून बोर्डासमोर वाळ्याचा कूलर लावून पाहिलेला. "कूलरनं थोडा फरक पडला, पण पुरा नाही," मालक म्हणाले. "नवतपा तर अजून लागाचाच आहे. तवा का होईन?" एक ढगाळ दिवस असा गेला की बोर्ड दिवसभर नीट चालला. त्यामुळे उन्हाचं निदान पक्कंच झालं होतं.

त्याआधी एक तंत्रज्ञ येऊन गेले होते आणि त्यांनी तीन गोष्टी केल्या होत्या. एसएमपीएसवरचा व्होल्टेजचा स्क्रू फिरवून वाढवला. लायब्ररीतलं पिनांचा वेग कमी करण्याचं सेटिंग, ज्याला स्लोडाऊन-जीपीआयओ म्हणतात, ते १ वरून ४ वर नेलं. आणि खालच्या ओळीतलं तिसरं पॅनल बदलून नवीन बसवलं. या तिन्ही गोष्टी एकाच भेटीत झाल्या, आणि कशाने काय झालं याची नोंद कुठेच नव्हती. माझ्या मते या प्रकरणाचा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलण्याआधी मीटर लावून आकडा लिहून ठेवायचा. हे न पाळल्यामुळे नंतर येणाऱ्याला बिघाड आणि उपाय यांचा गुंता आधी सोडवावा लागतो.

मी पायपासून सुरुवात केली, कारण तिथला प्रश्न मिनिटात निकाली निघतो. पायला स्वतःचं दुखणं सांगता येतं. त्याची एक आज्ञा आहे जी सांगते की बोर्ड चालू झाल्यापासून कधी व्होल्टेज पडलं का, कधी तापमानामुळे वेग कमी करावा लागला का. भर दुपारी, बोर्डावर ठिपके उडत असताना, उत्तर शून्य आलं. म्हणजे पायला अडॅप्टरकडून वीज नीट मिळत होती आणि तो ८० अंशांच्या हद्दीच्या खाली होता. आवाजाचं ड्रायव्हर बंद केलेलं होतं. ते चालू राहिलं तर त्याची आणि या लायब्ररीची एकाच टायमरवरून ओढाताण होते आणि चित्र थरथरतं. तेही कारण बाद.

पण पायच्या या शून्यावरून पॅनलांबद्दल काहीच कळत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. पायची वीज वेगळी, पॅनलांची वेगळी.

आता पॅनलवरचं चित्रच पुरावा म्हणून वाचायचं. या जातीच्या पॅनलमध्ये दिव्यांच्या ३२ ओळी एकाच वेळी पेटत नाहीत. एका क्षणी वरच्या अर्ध्यातली एक आणि खालच्या अर्ध्यातली एक, अशा दोनच ओळी पेटतात आणि १६ पायऱ्यांत पूर्ण पॅनल होतं. कोणती जोडी पेटवायची हे ए, बी, सी, डी या चार तारा सांगतात. सहा तारा रंगांच्या: वरच्या अर्ध्याचे लाल, हिरवा, निळा आणि खालच्या अर्ध्याचे तसेच तीन. उरलेल्या तीन म्हणजे ठोक्याठोक्याने माहिती पुढे सरकवणारी क्लॉक, आलेली माहिती पक्की करणारी लॅच आणि प्रकाश चालू-बंद करणारी ओई. १३ सिग्नल आणि ३ ग्राउंड म्हणजे परतीच्या तारा, अशी १६ तारांची रिबन.

म्हणून तार तुटली की चित्र ठरावीक पद्धतीनेच बिघडतं. रंगाची एक तार गेली तर तो रंग फक्त वरच्या किंवा फक्त खालच्या अर्ध्यातून जातो, आणि त्या पॅनलपासून साखळीच्या शेवटापर्यंत जातो. ए ही तार गेली तर एक आड एक ओळी काळ्या पडतात आणि उरलेल्यांवर दोन ओळींचा मजकूर एकमेकांवर चढतो. एखादी चिप मेली तर १६ रकान्यांचा एक पट्टा, एकाच रंगाचा, एकाच अर्ध्यात, मरतो. ओळ पेटवणारा ट्रान्झिस्टर गेला तर एक आडवी ओळ कायमची काळी. क्लॉकवर खोटा ठोका पडला तर अक्षरं एक घर सरकतात.

कळमन्यातल्या बोर्डावर यातलं एकही चित्र स्थिर नव्हतं. बिघाड पॅनलांच्या दोन्ही ओळींत, उजवीकडे, पांढऱ्यातच. दोन वेगळ्या रिबनांच्या दोन्ही साखळ्या एकाच ठिकाणी, एकाच वेळी आजारी पडत असतील तर आजार साखळीत नाही. दोघींना सामाईक असलेल्या गोष्टीत आहे. सामाईक गोष्टी दोन: ऊन आणि वीज.

उन्हाची शंका फेटाळायची तर बोर्ड ऊन नसताना चालवून पाहावा लागणार होता. त्याआधी मी मुनीमजींना विचारलं की दुपारी नेमकं काय बदलतं. ऊन सोडून. ते जरा थांबले आणि म्हणाले, "उजेड वाढते ना बोर्डाचा. नाहीतर उन्हात दिसतच नाही." प्रोग्राममध्ये पाहिलं तर वेळापत्रक होतं: सकाळी ११ ते दुपारी ४ ब्राइटनेस १००, बाकी वेळ ४०. आणि ढगाळ दिवसाचं काय? "त्या दिवशी मीच कमी केला होता. डोळ्यात जाऊन राहिला होता ना." कूलरने पडलेला "थोडा फरक" कशाचा होता, ते आता ठरवता येणार नाही. ढगाळ दिवसाचं कोडं मात्र या एका वाक्यात सुटलं.

मग सरळ चौकडी करून पाहिली. भर दुपारी, तापलेल्या पत्र्याखाली, ब्राइटनेस ४०: बोर्ड स्वच्छ. दुपारी १००: ठिपके. रात्री दुकान आवरल्यावर, हवा उतरलेली असताना ४०: स्वच्छ. रात्री १००, तेच पांढऱ्या पार्श्वभूमीचं पान: काही मिनिटांत चौथं पॅनल गुलाबी, आणि मग ठिपके. उन्हाचा मुद्दा संपला. दुपार ही वेळ होती, कारण नव्हतं. त्या वेळेला बोर्ड जास्त वीज ओढत होता.

किती जास्त, हे बहुतेकांच्या अंदाजाबाहेर असतं. या लायब्ररीत ब्राइटनेसचा आकडा डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाच्या मापात धरलेला आहे, विजेच्या मापात नाही. डोळ्याला ४० टक्के वाटावं म्हणून दिव्यांना प्रत्यक्षात पूर्ण प्रवाहाच्या नवव्या हिश्श्याइतकीच वीज दिली जाते. पॅनलांच्या मुख्य वायरीला डीसी क्लँप मीटर लावला. पांढऱ्या पानावर, ब्राइटनेस ४० ला, ४ अँपिअरच्या आसपास. त्यातला निम्मा वाटा तर चिपांच्या स्वतःच्या खर्चाचा. तेच पान १०० वर नेलं तर १९. सकाळचा बोर्ड आणि दुपारचा बोर्ड विजेच्या दृष्टीने दोन वेगळे बोर्ड होते.

आता मीटर व्होल्टवर. इथे एक आग्रह धरतो: एसएमपीएसच्या पट्टीवर मोजून "पाच व्होल्ट आहेत" म्हणायचं नाही. पॅनलच्या पाठीवर जिथे वीज शिरते, तिथे मोजायचं. एकेका पॅनलवर, आणि पूर्ण लोड चालू असताना. आकडे असे आले. एसएमपीएसच्या पट्टीवर ५.४२. पहिल्या पॅनलवर ४.७२. चौथ्या पॅनलवर ४.२७. ब्राइटनेस ४० वर उतरवलं की हेच आकडे ५.४२, ५.२८ आणि ५.१९.

सव्वा व्होल्टाला थोडं कमी, इतकी वीज वायरीतच जात होती. खांबाच्या पेटीपासून बोर्डापर्यंत अडीचची जोडी, दोन मीटर. अडीच एमएमच्या तांब्याला मीटरमागे साधारण ८ मिलिओहम रोध असतो. जाणं-येणं चार मीटर म्हणजे ३२ मिलिओहम, गुणिले १९ अँपिअर, म्हणजे ०.६ व्होल्ट. २३० व्होल्टांत हा आकडा कोणाच्या लक्षातही येत नाही. ५ व्होल्टांत तो आठवा हिस्सा आहे. घराचं वायरिंग करणाऱ्याला अडीचची वायर १९ अँपिअरला पुरेशी वाटते, आणि तापण्याच्या हिशेबाने ती जवळपास पुरतेही. पण इथे प्रश्न वायर तापण्याचा नाही, शेवटाला उरतं किती याचा आहे. पुढे पॅनल ते पॅनल पाऊण एमएमचे तुकडे, एकाच्या पाठीवरून दुसऱ्याकडे. पहिल्या तुकड्यातून तीन पॅनलांची वीज जाते, दुसऱ्यातून दोघांची, तिसऱ्यातून एकाची. आणि प्रत्येक टोकाला लग, म्हणजे वायरीवर दाबून बसवायचं धातूचं टोक.

त्यातला एक लग मी उपसून पाहिला. वरच्या ओळीतल्या पहिल्या आणि दुसऱ्या पॅनलमधला. वायरीचं इन्सुलेशन टोकाशी तपकिरी होऊन कडक झालं होतं. लग पक्कडीने नुसता दाबलेला, क्रिम्पिंगच्या हत्याराने नाही. बोटाने हलवला तर आतली वायर फिरत होती. खाचेत मिरचीची लाल पूड बसलेली, आणि कूलरच्या ओलसर हवेने ती चिकटून घट्ट झालेली. पूड ब्लोअरने उडवली तेव्हा दुकानात सगळ्यांना ठसका लागला. कूलर त्याच दिवशी बोर्डासमोरून हलवायला सांगितलं. उघड्या सर्किटवर पाण्याची हवा आणि मिरचीची पूड एकत्र सोडणं हे धोक्याचं आहे.

४.२७ व्होल्टांत नेमकं काय होतं? लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, हिरव्या-निळ्याला ३ च्या आसपास. त्यावर ओळ पेटवणाऱ्या ट्रान्झिस्टरचा आणि प्रवाह स्थिर ठेवणाऱ्या चिपचा वाटा. बेरीज केली की हिरवा-निळा काठावर येतात आणि लाल मजेत राहतो. म्हणून पांढरा आधी पिवळट आणि मग गुलाबी होतो, आणि लाल पानाला काही होत नाही. शिवाय मीटर सरासरी दाखवतो. ओळ बदलण्याच्या प्रत्येक क्षणी जो झटका बसतो त्यात व्होल्टेज याहून खाली जातं आणि चिपचा हिशेब चुकतो.

ग्राउंडचं दुखणं तर याहून लपलेलं असतं. वायरीत जितकी वीज पडते त्यातली अर्धी परतीच्या, म्हणजे ग्राउंडच्या वायरीत पडते. पहिल्या आणि चौथ्या पॅनलच्या ग्राउंडमध्ये मीटर लावला तर ०.२ व्होल्ट. म्हणजे दोन्ही पॅनलांचं शून्य एकच नव्हतं. शून्य हललं की सिग्नलचा "हो" आणि "नाही" यांच्यातला फरक आखडतो. आणि जाड वायरीने जी वीज परत यायला हवी तिच्यातला काही भाग रिबनमधल्या केसाएवढ्या ग्राउंड तारांतून परतायला लागतो. क्लॉकवर खोटा ठोका पडायला आणि अक्षरं सरकायला एवढं पुरे.

एसएमपीएस खांबाखालून काढून बोर्डाच्या पाठीमागच्या चौकटीवरच घेतला, हवा खेळती राहील अशा बेताने. असे एसएमपीएस ५० अंशांच्या पुढे पूर्ण लोड देत नाहीत. पण हा ६० अँपिअरचा आणि आपलं काम १९ चं, तेव्हा तिथे सवड भरपूर. प्रत्येक दोन पॅनलांना पट्टीवरून स्वतंत्र अडीचची जोडी, प्रत्येकीत १० अँपिअरचा फ्यूज. लग सगळे नवे, हत्याराने क्रिम्प केलेले. बर्डीच्या बाजारात या सामानाला हजारभराच्या आत काम भागलं. मग व्होल्टेजचा स्क्रू उलटा फिरवून ५.०५ वर आणला. पांढरं पान, ब्राइटनेस १००: पहिल्या पॅनलवर ४.९६, चौथ्यावर ४.९३. गुलाबी रंग गेला. चौथं पॅनल काळं होणं थांबलं.

आणि वरच्या ओळीत, पहिल्या पॅनलपासून शेवटपर्यंत, नवे ठिपके सुरू झाले.

"हे तर वाढूनच राहिलं, भाऊ," मालक म्हणाले. त्यांची काळजी रास्त होती. खर्च झाला आणि बिघाड पसरलेला दिसतो. पण चित्र वेगळं होतं आणि ते वेगळेपणच कामाचं. आधीचा बिघाड शेवटाला होता, हा सुरुवातीपासून होता. आधीचा रंगाबरोबर बदलत होता, हा सगळ्या रंगांत सारखा. आधीचा फक्त १०० वर, हा ४० वरही. साखळीत पहिल्यापासून चुकतंय म्हणजे चूक पाय आणि पहिलं पॅनल यांच्यामध्ये आहे. मुनीमजींना खोदून विचारलं, तेव्हा कळलं की सकाळी बोर्ड चालू केल्यावर कधीकधी वरच्या ओळीत असे एखाददुसरे ठिपके पूर्वीही दिसायचे. कोणी लक्ष दिलं नव्हतं, कारण भाव वाचता यायचे.

कारण असं. पायच्या पिनेतून "हो" म्हणून ३.३ व्होल्ट निघतात. पॅनलच्या दारात ७४एचसी२४५ नावाची चिप बसलेली असते, आणि ती स्वतः पॅनलच्या ५ व्होल्टांवर चालते. या जातीच्या चिपला खात्रीचा "हो" म्हणजे तिच्या स्वतःच्या व्होल्टेजच्या ७० टक्के. ५ व्होल्टांवर ते ३.५ होतं. पाय देतो ३.३. प्रत्यक्षात ही चिप बहुधा निम्म्यावरच "हो" मानते, म्हणून असे हजारो बोर्ड जंपर वायरींवर निमूट चालतात. पण तो उधारीचा व्यवहार आहे. लांब जंपर, एकाच पिनेवरून क्लॉकसाठी दोन रिबनांचा भार, शेजारच्या तारांचा गोंगाट, हे सगळं त्या शिलकीतून वजा होत जातं.

आता दुपारचे जुने आकडे पुन्हा पाहा. लोडवर पहिल्या पॅनलला ४.७२ व्होल्ट मिळत होते. त्याचे ७० टक्के म्हणजे ३.३. म्हणजे वीज पडत होती तोवर पायचा सिग्नल नेमका उंबरठ्यावर बसत होता! पहिलं पॅनल सुखी होतं ते शेवटच्याच्या दुखण्यामुळे. सकाळी कमी उजेडात तेच पॅनल ५.२८ वर असायचं, उंबरठा ३.७ वर जायचा, आणि म्हणून ते सकाळचे ठिपके. दोन बिघाड एकमेकांना झाकत होते. वीज सुधारली की सिग्नलचा बिघाड दिवसभर दिसायला लागणार हे ठरलेलंच होतं. आधीच्या तंत्रज्ञांनी स्क्रू फिरवून व्होल्टेज वाढवलं तेव्हा शेवटच्या पॅनलांना थोडा आराम पडला असणार आणि पहिल्याचा त्रास वाढला असणार. मग तो त्रास कमी करायला वेग मंदावला. त्याने ठिपके थोडे दबले, पण चित्र पुन्हा पुन्हा नव्याने रंगवण्याचा वेग इतका उतरला की मोबाइलच्या कॅमेऱ्यात फलकावर काळे पट्टे यायचे. व्यापारी भावाचा फोटो काढून गावाकडे पाठवतात, त्यामुळे ही तक्रार वेगळी नोंदवलेली होती, आणि ती याच साखळीतली आहे हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

उपाय जुनाच आणि स्वस्त: मध्ये ७४एचसीटी२४५ ही बफर, म्हणजे सिग्नल घेऊन जोमाने पुढे देणारी चिप बसवायची. नावात एका टी चा फरक. ही चिप ५ व्होल्टांवर चालते, पण २ व्होल्टांनाच खात्रीचा "हो" मानते आणि पुढे पूर्ण ५ व्होल्ट देते. पायचे ३.३ तिला भरपूर होतात. दोन साखळ्यांसाठी क्लॉक, लॅच आणि ओई प्रत्येकीला वेगळ्या बफरमधून दिले, म्हणजे एका पिनेवर दोन रिबन लटकत नाहीत. प्रत्येक चिपच्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. जंपर सगळे काढले. पाय थेट या छोट्या बोर्डावर बसतो आणि तिथून आखूड रिबन निघतात. या बफर बोर्डाचं ग्राउंड पहिल्या पॅनलच्या ग्राउंडला जाड वायरीने बांधलं, रिबनच्या भरवशावर सोडलं नाही. तयार बोर्डही मिळतात आणि घाईत असाल तर तेच घ्यावेत. फक्त विकत घेताना चिपवरची अक्षरं वाचावीत, कारण काहींवर टी नसलेली चिप असते आणि मग पैसे देऊन तीच अडचण घरी येते.

ठिपके गेले. सकाळी, दुपारी, रात्री, ४० वर, १०० वर. मग वेगाचं सेटिंग ४ वरून २ वर आणलं आणि बोर्ड दोन दिवस तसाच राहू दिला. कॅमेऱ्यातले पट्टेही गेले.

आता उरलं ते बदललेलं पॅनल. खालच्या ओळीतल्या तिसऱ्यावर हिरवा निळा दिसायचा आणि निळा हिरवा. मुनीमजींनी त्यावर तोडगा म्हणून पानांवर लाल आणि पांढराच ठेवला होता. पांढऱ्यात तिन्ही रंग सारखे असल्याने अदलाबदल कळत नाही. हे वेगळ्या लॉटचं पॅनल होतं आणि त्याच्या आत हिरव्या-निळ्याच्या जागा उलट होत्या. लायब्ररीत रंगांचा क्रम बदलायचं सेटिंग आहे, पण ते पूर्ण फलकाला लागतं, एकट्या पॅनलला नाही. तेव्हा रिबनमध्येच हिरव्या-निळ्याच्या तारा उलटायच्या, वरच्या अर्ध्याच्या आणि खालच्या अर्ध्याच्या दोन्ही. मात्र पॅनल आत आलेला सिग्नल तसाच पुढे देतं. म्हणजे तिसऱ्याच्या आधी उलटल्या तर चौथ्याला उलटेच रंग मिळणार, आणि दोघांमधल्या रिबनमध्ये त्या पुन्हा सुलट कराव्या लागणार. दोन कापाकापी, दोन ठिकाणी पुढच्या बिघाडाची सोय. त्यापेक्षा तिसरं पॅनल काढून चौथ्या जागी बसवलं आणि चौथं तिसऱ्या. शेवटच्याच्या पुढे कोणी नसतं, त्यामुळे एकच रिबन उलटी पुरली. त्या रिबनवर रंगीत टेप गुंडाळून "फक्त शेवटच्या पॅनलला" असं मार्करने लिहिलं, नाहीतर पुढचा माणूस साफसफाईत ती दुसरीकडे लावणार.

पांढऱ्या पानाबद्दल मालकांशी बोलणं झालं. काळ्यावर पिवळी अक्षरं केली तर लांबून जास्त उठून दिसतात आणि वीज १९ वरून ६ अँपिअरच्या आसपास येते. त्यांना आधी पटलं नाही, कारण पूर्वीचा पाटीवाला फळा पांढरा होता आणि गिऱ्हाइकाला तीच सवय. समोरच्या रस्त्याच्या पलीकडे उभं करून दोन्ही पानं दाखवली, तेव्हा स्वतःच म्हणाले, "पिवळंच ठेवा." मी मुद्दाम हे शेवटी केलं. पान आधी बदललं असतं तर पहिल्याच दिवशी तक्रार थांबली असती, सैल लग तसाच तापत राहिला असता, आणि दिवाळीच्या शुभेच्छांचं भरगच्च चित्र लावल्याबरोबर बोर्ड पुन्हा पडला असता. वायरिंग त्या भरगच्च चित्राच्या हिशेबानेच केलेलं आहे.

पेटीच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर पूर्ण पांढऱ्या पानाला, ब्राइटनेस १०० ला, आठही पॅनलांवरचे व्होल्ट, मुख्य वायरीतले अँपिअर, स्क्रूची जागा म्हणजे ५.०५, आणि वेगाचं सेटिंग २. मुनीमजींना मीटर कुठे टेकवायचा ते दाखवलं आहे. कोणत्याही पॅनलवर ४.८ च्या खाली दिसलं तर आधी लग पाहायचा. नव्या लॉटच्या पॅनलचा पिवळा शेजारच्यापेक्षा किंचित हिरवट दिसतो. ते सेटिंगने पुसता येत नाही. जुन्या लॉटचं जुळणारं पॅनल मिळालं तर बदलायचं, तोवर ते शेवटच्या जागी राहील.